स्पायडरमॅन नेमका कुणाच्या नावावर?

२०१२ च्या उन्हाळ्यात ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा पहिला पिक्चर आला. त्यातली शेवटची मोठी मारामारी भर न्यूयॉर्कात होते. आभाळाला भोक पडून परग्रहावरची फौज खाली उतरते, इमारती ढासळतात, आणि शहर वाचवायला धावतात कोण? दुसऱ्या लोकातून आलेला थॉर, कोलकात्यात तोंड लपवून राहिलेला हल्क, सत्तर वर्षं बर्फात गोठून पडलेला कॅप्टन अमेरिका. ज्याचं घरच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जो रोज त्याच इमारतींवरून झोके घेत हिंडतो, तो स्पायडरमॅन मात्र फिरकतसुद्धा नाही. दोन महिन्यांनी तो त्याच शहरात, स्वतःच्या वेगळ्या पिक्चरमध्ये, एका सरड्याशी झुंजताना दिसला. तिथंही कुणाच्या तोंडून चुकून निघत नाही की बाबा, परवाच इथं आभाळ फाटलं होतं.

बेळगावात आरपीडी क्रॉसला चहाच्या गाड्यावर तेव्हा यावर जोरदार वाद चालायचे. कुणी म्हणायचं, तो अजून पोर आहे, म्हणून मोठ्यांनी घेतला नाही. कुणी कॉमिक्सचा दाखला द्यायचं की तो मुळातच एकट्यानं काम करणारा. सगळी उत्तरं गोष्टीच्या आत शोधलेली. खरं उत्तर बाहेर, करारपत्रात होतं. दोन्ही पिक्चर दोन वेगळ्या स्टुडिओंचे, आणि स्पायडरमॅनला पडद्यावर आणायचा हक्क अ‍ॅव्हेंजर्सवाल्यांकडे नव्हताच. सुपरहिरोंच्या जगातली निम्मी कोडी अशीच सुटतात. कोण मेला, कोण परत आला, कोण कुणाला ओळखत नाही, यामागे लेखक जेवढा असतो तेवढाच वकील असतो. (एकाच गोष्टीवर दोघांचा दावा म्हटलं की आमच्याकडे गाडी लगेच १९५६ च्या सीमाप्रश्नावर जाते. आज तिकडं जायचं नाही.)

आधी एवढं ध्यानात घ्यायचं की सुपरहिरोवर एकच एक हक्क नसतो, हक्कांचा अख्खा गठ्ठा असतो. कॉमिक छापायचा एक, पिक्चर काढायचा दुसरा, टीव्ही मालिकेचा तिसरा, व्हिडिओ गेमचा चौथा, खेळणी-दप्तरं-टीशर्टांचा पाचवा. मालक यातला प्रत्येक हक्क वेगवेगळ्या माणसाला, वेगवेगळ्या मुदतीनं देऊ शकतो. शेताच्या उताऱ्यासारखंच आहे हे. मालकाचा रकाना वेगळा, बँकेच्या बोजाचा वेगळा, प्रत्यक्ष कसतो कोण त्याचा वेगळा. मार्व्हल ही कॉमिक कंपनी (अ‍ॅव्हेंजर्सवाले ते हेच) स्पायडरमॅनची मालक, आणि सोनी पिक्चर्स हे कसणारं कूळ. फरक असा की कर्नाटकात १९७४ च्या कायदादुरुस्तीनं कसणाऱ्या कुळाच्या नावावर जमीन झाली. हॉलिवूडचं कूळ कितीही वर्षं कसलं तरी मालक होत नाही, पण कसायचं थांबलं तर मात्र हातचंही जातं.

मग मार्व्हलनं आपला सोन्यासारखा हिरो दुसऱ्याला दिला कशाला? कारण तेव्हा तो सोन्यासारखा नव्हता. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये स्पायडरमॅन उभा केला, कॉमिक्स धो धो खपली, पण कॉमिकवरून पिक्चर काढणं म्हणजे पोरखेळ असंच हॉलिवूड धरून चाललं होतं. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकांत मार्व्हल जो येईल त्याला, मिळेल त्या दरात हक्क देत सुटली. एक्स-मेन फॉक्स स्टुडिओकडे गेले. फँटॅस्टिक फोर एका जर्मन निर्मात्याकडे. हल्क युनिव्हर्सलकडे. त्यात अमेरिकेत कॉमिक जमवणाऱ्यांची एक लाट आली. एकाच अंकाची चार-चार मुखपृष्ठं, चमकीचे कागद, लोक वाचायला नव्हे तर पुढं महाग विकू म्हणून गठ्ठ्यानं घ्यायला लागले. घरोघरी त्याच अंकाचे ढीग पडल्यावर महाग घेणार कोण? फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलनं दिवाळखोरी जाहीर केली.

स्पायडरमॅनचा प्रवास सगळ्यात वाकडा. १९८५ मध्ये त्याचे हक्क कॅनन नावाच्या कंपनीकडे होते, ती गाळात गेली. मग कॅरोल्को आली. ‘टर्मिनेटर’वाले जेम्स कॅमेरॉन तिच्यासाठी स्पायडरमॅन लिहीत होते. तीही बुडाली. पाठोपाठ कोर्टकज्जे सुरू झाले आणि १९९९ मध्ये मजेदार तडजोड झाली. सोनीनं जेम्स बाँडवरचा आपला दावा सोडला, एमजीएम स्टुडिओनं स्पायडरमॅनवरचा सोडला. सॅम रायमीचा ‘स्पायडरमॅन’ २००२ मध्ये आला तो त्यानंतर, आणि तेव्हा कुठं सगळ्यांचे डोळे उघडले.

आता त्या ‘कसायचं थांबलं तर हातचं जातं’ याकडे येऊ, कारण चाहत्यांना छळणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथंच आहे. हक्क देताना मालक मुदत घालतो: अमुक वर्षांत पिक्चर काढ, नाहीतर हक्क परत. फँटॅस्टिक फोरच्या जर्मन निर्मात्याची मुदत १९९२ च्या अखेरीस संपत होती. मोठ्या पिक्चरचे पैसे जमलेले नव्हते. पठ्ठ्यानं काय करावं? कमी पैशात धडाधड पिक्चर काढण्यात हात बसलेल्या रॉजर कॉर्मनना गाठलं, जेमतेम १० लाख डॉलरचं बजेट ठरवलं आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कॅमेरा सुरू केला. लांब होणाऱ्या हाताचा माणूस दाखवायचा तर काठीवर हातमोजा चढवून पुढं सरकवावा, अशा थाटाचा सगळा कारभार. बिचाऱ्या नटांना वाटत होतं की आपलं नशीब उघडलं. ते स्वतःहून प्रचार करत हिंडत होते. पिक्चर पुरा झाला, ट्रेलर निघाला, आणि मग तो कपाटात गेला तो आजतागायत अधिकृतपणे प्रदर्शित झालेला नाही. चोरट्या प्रतींवर तेवढा जगला. हक्क मात्र टिकले, आणि त्याच निर्मात्यानं २००५ मध्ये फॉक्सबरोबर मोठा ‘फँटॅस्टिक फोर’ काढला.

सोनीच्या करारातही असंच कलम आहे. २०१४ मध्ये सोनीचे कंप्युटर हॅक होऊन कागदपत्रं फुटली, त्यातून ते उघड झालं. आधीचा पिक्चर आल्यापासून पावणेचार वर्षांत पुढच्याचं काम सुरू व्हायला हवं आणि पावणेसहा वर्षांच्या आत तो पडद्यावर यायला हवा. आता तारखा लावून बघा. तिसरा ‘स्पायडरमॅन’ मे २००७ चा. चौथ्यावर रायमीशी जमेना, २०१० च्या सुरुवातीला तो बारगळला. मुदतीचं घड्याळ चालूच. म्हणून जुलै २०१२ मध्ये नवा नट, नवी नटी घेऊन सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून: पुन्हा कोळी चावला, पुन्हा काका गेले. आधीचे काका जाऊन दहाच वर्षं झाली होती. लोक म्हणाले, यांना सुचत नाही. सुचण्याचा प्रश्नच नव्हता, पीक काढून दाखवायचं होतं.

ज्यांनी मुदत पाळली नाही त्यांच्या हातून हिरो गेले. फॉक्सनं डेअरडेव्हिल असाच घालवला. तो मार्व्हलकडे परत आला आणि २०१५ मध्ये त्याची मालिका निघाली. माझ्या मते पिक्चरपेक्षा ती दसपट सरस.

वाटणीत अधूनमधून चुलतभावांची एकच विहीर निघते, तसा एक प्रकार क्विकसिल्व्हरचा. विजेच्या वेगानं पळणारा हा पोरगा कॉमिक्समध्ये म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती घेऊन आलेला. एक्स-मेन म्युटंटच, म्हणून म्युटंट सगळे फॉक्सकडे. पण तो अ‍ॅव्हेंजर्समध्येही होता, म्हणून मार्व्हलचाही दावा. शेवटी दोघांनीही वापरला. २०१४ च्या एक्स-मेनमध्ये एक क्विकसिल्व्हर, २०१५ च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये दुसरा, नट वेगळे, बोलणं वेगळं. फॉक्सच्या पिक्चरमध्ये त्याच्या बापाचा उल्लेख चालतो, मार्व्हलच्या पिक्चरमध्ये ‘म्युटंट’ हा शब्द काढायची चोरी. फॉक्सवाल्याचा स्वयंपाकघरातला सीन आठवा: गोळ्या हवेत थांबलेल्या, भांडी तरंगतायत, आणि हा कानाला हेडफोन लावून रमतगमत फेरी मारतोय, जाता जाता सूपची चव बघतोय. त्या एका सीनवर फॉक्सनं बाजी मारली.

आता मालकाकडे वळू. चांगली जमीन वाटून टाकल्यावर मार्व्हलकडे जे उरलं ते दुय्यम होतं: कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज, अँट-मॅन. २००५ मध्ये मार्व्हलनं अशा दहा नावांचे चित्रपट-हक्क तारण ठेवून ५२.५ कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं आणि स्वतःच पिक्चर काढायला घेतले. आयर्न मॅनही एका स्टुडिओकडे पडून होता, तो मुदत संपून त्याच सुमारास परत आला. २००८ चा ‘आयर्न मॅन’ आपटला असता तर त्यातले बरेच हिरो सावकाराच्या घरी गेले असते. त्याआधी आमच्याकडे आयर्न मॅन म्हटलं तर कुणाला कळलं नसतं. माझं तर मत असं की स्पायडरमॅन आणि एक्स-मेन हाताशी असते तर मार्व्हलनं या मंडळींकडे ढुंकूनही बघितलं नसतं. दुसऱ्याच वर्षी डिस्नीनं सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून अख्खी मार्व्हल विकत घेतली, पण उताऱ्यावरचे जुने करार तसेच राहिले. मालक बदलला म्हणून कूळ उठत नाही.

सोनीचा २०१४ चा स्पायडरमॅन अपेक्षेइतका चालला नाही. मग फेब्रुवारी २०१५ मध्ये दोघांनी जुळवून घेतलं. स्पायडरमॅन अ‍ॅव्हेंजर्सच्या पिक्चरमध्ये येणार, बदल्यात सोनीच्या स्पायडरमॅन पिक्चरची निर्मिती मार्व्हलची माणसं सांभाळणार, गल्ला सोनीचा. २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये तो कॅप्टनची ढाल पळवत आला तेव्हा थिएटरात ज्या शिट्ट्या पडल्या, त्यातल्या निम्म्या त्या करारालाच होत्या म्हणा. ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांवरून बिनसलं, जगभरचे चाहते रडकुंडीला आले, आणि महिन्याभरात पुन्हा जमलं. त्याच वर्षी मार्चमध्ये डिस्नीनं फॉक्सचाही मोठा हिस्सा ७१ अब्ज डॉलरच्या वर रक्कम देऊन घेतला. त्यामुळे एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर घरी आले.

हल्क बरीच वर्षं अर्धाच घरी होता. २००८ नंतर त्याच्या एकट्याच्या नावाचा पिक्चर न येण्यामागे हेच. तसा पिक्चर वितरित करायचा हक्क युनिव्हर्सलचा होता, म्हणून तो कधी थॉरच्या, कधी अ‍ॅव्हेंजर्सच्या घरी पाहुणा.

आणि मग आली मल्टिव्हर्सची लाट, म्हणजे समांतर विश्वं. वरवर बघता ही विज्ञानकथा, पण करारांचे नकाशे हातात घेऊन बघा. २०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये तीन काळांतले तीन स्पायडरमॅन एका छपराखाली आले, कारण तिघेही मुळात सोनीच्याच पिक्चरमधले. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये एक ओसाड माळ आहे, तिथं जुनी, टाकून दिलेली पात्रं पडलेली असतात, आणि त्यांच्यामागे वाळूत अर्धं गाडलेलं फॉक्सचं भलंमोठं बोधचिन्ह दिसतं. इतकी उघड कबुली मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये बघितलेली नाही.

सोनीकडे स्पायडरमॅनबरोबर त्याच्या गोतावळ्यातली जवळजवळ नऊशे पात्रं आहेत. त्यामुळे हिरो बाजूला ठेवून व्हिलनचेच पिक्चर काढायचा उद्योग त्यांनी केला: ‘वेनम’, ‘मॉर्बियस’, ‘क्रेव्हन’. कॉमिक्समधल्या वेनमच्या छातीवर मोठा पांढरा कोळी असतो, कारण ते काळं द्रव्य आधी स्पायडरमॅनच्या अंगावर होतं. २०१८ च्या पिक्चरमध्ये छाती कोरी. स्पायडरमॅनच गोष्टीत नाही तर खूण कुठून येणार? पहिला ‘वेनम’ टॉम हार्डीसाठी बघावा. ‘मॉर्बियस’ चुकला असेल तर सुटलात.

गेमचं खातं मात्र निराळं, आणि मला वाटतं चाहत्याचं भलं झालं ते तिथंच. पूर्वी पिक्चरबरोबरच गेम काढायची पद्धत होती. पिक्चरची तारीख ठरली की गेमवाल्यांनी त्याच तारखेला माल द्यायचा, मग तो कच्चा असो की पक्का. २००४ चा ‘स्पायडरमॅन २’ त्यातला अपवाद. प्लेस्टेशनवरच्या त्या गेममध्ये जाळं खरोखर इमारतीला चिकटायचं, झोक्याचा वेग, सोडायची वेळ सगळं आपल्या हातात. पण टिळकवाडीत, शहापुरात आम्ही पोरं तासावर कंप्युटर घेऊन खेळायचो ती याच नावाची दुसरीच चीज होती. कंप्युटरसाठी वेगळ्या लोकांनी लहान मुलांच्या बेतानं बनवलेली, ठरावीक जागीच जाळं अडकणारी. नाव तेच, डबा तोच. मासिकातलं कौतुक वाचून आम्ही स्वतःच्याच हातांना नावं ठेवत बसायचो.

हे चक्र मोडलं २००९ मध्ये बॅटमॅनच्या ‘आर्कम असायलम’नं. कुठल्याच पिक्चरला बांधलेला नाही, म्हणून तारखेचा चाबूक नाही. बॅटमॅनची डीसी ही कॉमिक कंपनी आणि पिक्चर, दोन्ही वॉर्नर ब्रदर्सच्या एका छत्राखाली, त्यामुळे हक्कासाठी दोन दारं झिजवायचीही गरज नाही. मार्व्हलनं धडा घेतला. स्पायडरमॅनचा गेम करायचा हक्क पूर्वी अ‍ॅक्टिव्हिजनकडे होता. तो सुटल्यावर मार्व्हलनं प्लेस्टेशनशी बोलणी केली आणि इन्सॉम्नियाक स्टुडिओचा २०१८ चा ‘स्पायडरमॅन’ आला. इथं पुष्कळांची गफलत होते: पिक्चरवाली सोनी म्हणून गेम सोनीचा, असं नाही. पिक्चरचा करार वेगळा, गेमचा वेगळा. एकाच आडनावाची दोन घरं. त्या गेममध्ये पीटर आठ वर्षं मुरलेला स्पायडरमॅन आहे, कोळी चावायची गोष्ट पुन्हा सांगत बसलेला नाही, आणि मे काकूचा शेवट बघून भल्याभल्यांचे डोळे भरले. उलट दिशेचं उदाहरणही आहे. २०१७ च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ या मारामारीच्या गेममध्ये एक्स-मेन गायब होते. वीस वर्षं एक्स-मेनमधला वुल्व्हरिन घेऊन लढलेल्या खेळाडूंना कळेना की आपला गडी गेला कुठं.

खेळण्यांचा हक्क २०११ मध्ये पूर्णपणे डिस्नीकडे आला. पिक्चरचा गल्ला सोनीला, बाहुल्यांचा डिस्नीला. आमच्या गल्लीत दिवाळीला पोरं किल्ला करतात, त्यावर भाच्यानं खडेबाजारातून आणलेला स्पायडरमॅन बुरुजावर चढवला होता. पाठीवर ना कंपनीचं नाव ना शिक्का, म्हणजे ना सोनीला काही मिळालं ना डिस्नीला. “मामा, ह्याला वरच्या बुरुजावर ठेवू काय?” आजी आतून म्हणाली, “ठेव की, पण महाराजांच्या खाली ठेव.” तो तोफेशेजारी बसला.

भाषा हाही एक हक्कच. कर्नाटकात परभाषेतले पिक्चर कन्नडमध्ये डब करायचे नाहीत हा दंडक सिनेउद्योगानं अनेक दशकं पाळला. कायदा नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्यावर बडगा उगारला. तोवर बेळगावातला कन्नड पोरगा आणि मराठी पोरगा, दोघंही स्पायडरमॅनला हिंदीतच ऐकत होते. या एका बाबतीत दोघांचं गाऱ्हाणं सारखं. २०२३ चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही होत्या. त्यातला धोतरवजा पोशाखातला पवित्र प्रभाकर मूळचा २००४ चा. भारतातल्या गॉथम कंपनीनं मार्व्हलकडून परवाना घेऊन पीटर पार्करला मुंबईत आणलं होतं. परवान्यावर पिकवलेलं पात्र जवळजवळ वीस वर्षांनी मोठ्या पडद्यावर आलं.

या सगळ्यात ज्यांनी हे हिरो कागदावर काढले त्यांच्या वाट्याला काय आलं? जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. पुढं आयुष्यभर कोर्टकचेऱ्या. १९७५ मध्ये, मोठा पिक्चर तोंडावर असताना बोभाटा झाला, तेव्हा कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर आणि नावाचा उल्लेख द्यायचं कबूल केलं. अमेरिकी कायद्यात निर्मात्याला किंवा वारसांना ठरावीक वर्षांनी हक्क परत मागता येतो. स्टीव्ह डिटको यांच्या वारसांनी २०२१ मध्ये तशी नोटीस दिली होती. त्यावर मार्व्हलचं म्हणणं, त्यांनी हे आमच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेलं काम होतं, म्हणून हक्क पहिल्यापासून आमचाच. २०२३ च्या शेवटी ते आपसांत मिटलं. निकाल लागला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आणि एक दिवस मालकीच संपते. त्या काळातल्या कामांना अमेरिकेत ९५ वर्षांचं संरक्षण आहे. त्या हिशोबानं सुपरमॅन १ जानेवारी २०३४ ला सगळ्यांचा होईल, पुढच्या वर्षी बॅटमॅन. बेळगावातल्या कुणीही सुपरमॅनला खानापूरच्या जंगलात उतरवावं, तिकडचा कायदा आड येणार नाही. मात्र सुटणार आहे तो पहिल्या अंकातलाच सुपरमॅन. छातीवरचं चिन्ह कंपनीचा ट्रेडमार्क म्हणून माल विकायला वापरता येणार नाही, आणि त्याची ताकद हिरावणारं क्रिप्टोनाइट नंतर आलं, त्याची मुदतही नंतर संपेल. उडणंसुद्धा त्यात धरता येत नाही. १९३८ चा सुपरमॅन उडत नव्हता, वीस मजली इमारत ओलांडेल एवढी उंच उडी मारायचा आणि पावमैलाच्या निम्म्यावर जाऊन पडायचा.